प्रेप सुरू करण्याआधी कॅलेंडर हातात घ्या

“काल रात्री कंडोम फाटला. आजपासून प्रेपची गोळी सुरू केली तर चालेल ना?”

नाही चालणार. हा प्रश्न तुमचाच असेल, तर लेख नंतर वाचा, आधी दवाखाना गाठा. प्रसंग घडून गेल्यावर एचआयव्हीचा संसर्ग टाळायला जे लागतं ते प्रेप नव्हे, पेप. नावात एका ‘र’चा फरक आहे, कामात मात्र फार मोठा. पेपमध्ये सहसा तीन औषधं असतात, ती २८ दिवस घ्यावी लागतात आणि पहिला डोस ७२ तासांच्या आत पोटात जावा लागतो. ७२ तास म्हणजे ‘अजून तीन दिवस आहेत’ असा अर्थ काढू नका. जितका उशीर, तितका उपयोग कमी. सुट्टीचा दिवस असेल तर ओपीडी उघडायची वाट न बघता तातडीच्या विभागात जा आणि “एचआयव्हीसाठी पेप हवंय, इतके तास झालेत” असं सरळ सांगा. तासांचा आकडा ऐकला की समोरचा माणूस हलतो.

प्रेप हे आधी घ्यायचं औषध. तुम्हाला एचआयव्ही नाही, पण होण्याची शक्यता येत्या काळात आहे, अशा वेळी ते घेतात. या लेखात जे काही सांगणार आहे ते सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं : विषाणू शरीरात शिरेल त्या क्षणी औषध तिथे आधीपासून हजर हवं. गोळी चांगलीच आहे. चुकतो तो दिवसांचा हिशेब.

गोळी आत जाऊन काय करते

नेहमीच्या गोळीत दोन औषधं असतात : टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम आणि एम्ट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम. बऱ्याच ठिकाणी एम्ट्रिसिटाबिनऐवजी लॅमिव्हुडिन असतं, तेही जागतिक आरोग्य संघटनेला मान्य आहे. ही जोडगोळी ट्रुवाडा या नावाने अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये प्रतिबंधासाठी मंजूर झाली. उपचारासाठी ती त्याआधीपासून वापरात होतीच.

एचआयव्ही पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएवरून डीएनएची प्रत काढतो. मणी एकामागून एक ओवून माळ करावी तशी ही प्रत तयार होते. टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन हे त्यातले खोटे मणी. दिसायला अगदी खऱ्यासारखे, पण पुढच्या बाजूला भोकच नाही. असा मणी माळेत बसला की दोरा पुढे जात नाही, माळ तिथेच थांबते आणि विषाणूला पेशीत ठाण मांडता येत नाही.

गंमत अशी, की हे मणी पेशीच्या आत गेल्यावरच ‘खोटे’ होतात, म्हणजे तिथे त्यांच्यावर प्रक्रिया होऊन ते कामाला लागतात. त्याला वेळ लागतो. गुदाशयाच्या अस्तरात औषध लवकर आणि भरपूर साठतं, योनीच्या अस्तरात सावकाश आणि कमी. पुढे दिवसांचे वेगवेगळे आकडे येतील, ते या फरकामुळे.

कोणी घ्यावं

डॉक्टरांच्या फॉर्मवर माणसांचे प्रकार लिहिलेले असतात. मला प्रसंगांचा विचार जास्त उपयोगी वाटतो. गेल्या सहा महिन्यांत कंडोमशिवाय संबंध आला आणि जोडीदाराची एचआयव्हीची स्थिती माहीत नव्हती, असं झालंय का? एखादा लैंगिक आजार झाला होता का? पेप एकापेक्षा जास्त वेळा घ्यावं लागलं का? सुई-सिरिंज कोणाबरोबर वाटून वापरली का? जोडीदार ‘कंडोम नको’ म्हणतो आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही, असं आहे का? यातल्या एकाला जरी ‘हो’ असेल, तरी डॉक्टरांशी बोलायला तेवढं कारण पुरे.

आणि यातलं काहीच उघड सांगायचं नसेल तर? तरीही मागा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय, की कोणी स्वतःहून प्रेप मागितलं तर जोखमीचा तपशील निघाला नाही तरी ते देऊ करावं. माणूस उगाच दवाखान्यात येऊन हे औषध मागत नाही, एवढी साधी समज त्यामागे आहे.

जोडीदार एचआयव्हीसह जगत असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. तो किंवा ती नियमित उपचार घेत असेल आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, सातत्याने ‘न सापडण्याइतका’ असेल, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. अशा एकाच जोडीदाराशी संबंध असतील तर प्रेपची गरज उरत नाही. पण उपचार नुकतेच सुरू झालेत आणि आकडा अजून खाली यायचाय, त्या मधल्या महिन्यांत प्रेप फार कामाचं.

पहिली पायरी : चाचण्या, आणि त्यामागचं कारण

सगळ्यात आधी एचआयव्हीची चाचणी. ही औपचारिकता नाही. संसर्ग आधीच झालेला असेल आणि तुम्ही प्रेपची गोळी सुरू केली, तर दोन औषधांचा अर्धामुर्धा मारा विषाणूला पुरत नाही. उलट तो त्या औषधांना दाद न देण्याइतका निर्ढावतो आणि पुढच्या उपचारात तीच औषधं निकामी ठरू शकतात.

चाचणीलाही विंडो पिरियड असतो, म्हणजे संसर्ग झालेला असूनही चाचणीत तो दिसत नाही असा काळ. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेल्या चौथ्या पिढीच्या (विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणाऱ्या) चाचणीत संसर्ग दिसायला १८ ते ४५ दिवस लागतात, तर फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या झटपट चाचणीत ९० दिवसांपर्यंत. म्हणून गेल्या महिनाभरात जोखमीचा प्रसंग आला असेल आणि त्यानंतर ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, मानेत किंवा काखेत गाठी असं काही झालं असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. ‘साधा फ्लू होता’ म्हणून गाळू नका. अशा वेळी थेट विषाणू शोधणारी आरएनए चाचणी करतात आणि प्रेप थोडं पुढे ढकलतात. प्रसंग ७२ तासांच्या आतला असेल, तर आधी २८ दिवस पेप, मग चाचणी करून खंड न पाडता प्रेप.

दुसरी चाचणी मूत्रपिंडांची. रक्तातलं क्रिएटिनिन तपासून क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडं किती वेगाने रक्त गाळतात त्याचा अंदाज, काढतात. नेहमीच्या गोळीसाठी तो मिनिटाला ६० मिलिलिटर किंवा जास्त हवा. हिशेब तुम्हीही करू शकता : १४० मधून वय वजा करा, किलोमधल्या वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन एवढ्याने भागा. बाईच्या बाबतीत उत्तराला ०.८५ ने गुणा. वय ३०, वजन ६६ किलो, क्रिएटिनिन ०.९ असेल तर ११० गुणिले ६६ म्हणजे ७२६०, त्याला ६४.८ ने भागलं की ११२ येतात. उत्तम. जिममध्ये क्रिएटिनची पावडर घेत असाल तर आधीच सांगा, नाहीतर मूत्रपिंडं ठणठणीत असूनही रिपोर्ट बिघडलेला दिसतो आणि उगाच घाबरगुंडी उडते.

तिसरी हिपॅटायटिस बीची. लोक नेमकी हीच टाळतात. प्रेपमधली औषधं हिपॅटायटिस बीच्या विषाणूवरही चालतात. तो आजार असताना गोळ्या अचानक बंद केल्या, तर दबलेला विषाणू उसळून यकृताला मोठी इजा करू शकतो. हिपॅटायटिस बी आहे म्हणून प्रेप नाकारलं जात नाही, फक्त ते ‘मनात आलं सुरू, मनात आलं बंद’ करता येत नाही. चाचणी निगेटिव्ह आली आणि लस घेतलेली नसेल, तर ती सुरू करून टाका.

याच फेरीत सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया आणि हिपॅटायटिस सी तपासून घेता येतात. घशाचे किंवा गुदद्वाराचे संबंध असतील तर तिथलाही स्वॅब लागतो, फक्त लघवी तपासून भागत नाही. गरोदरपण किंवा अंगावर पाजणं असेल तर ते सांगा. त्यामुळे गोळी थांबवावी लागत नाही, देखरेख तेवढी वाढते. आणि वजन ३५ किलोपेक्षा कमी असेल तर ही गोळी देत नाहीत.

दुसरी पायरी : सुरुवात, आणि संरक्षण कधीपासून धरायचं

रोजची गोळी सोमवारी, एक तारखेला सुरू केली असं समजा. गुदमैथुनात स्वीकारणाऱ्या बाजूला असाल तर सात दिवस रोज गोळी झाल्यावर, म्हणजे आठ तारखेपासून, पूर्ण संरक्षण धरतात. योनीमार्गे संबंधासाठी आकड्यांत मतभेद आहे. जागतिक आरोग्य संघटना सात दिवस सांगते, सीडीसी २१ दिवस. सुईतून होणाऱ्या संसर्गासाठीही सीडीसीचा आकडा २१ च आहे. तुमचे डॉक्टर कोणता आकडा धरतात ते विचारा. मी विचाराल तर २१ धरा आणि तोवर कंडोम सोडू नका. बावीस तारखेवर पेनाने गोल करून ठेवा.

गोळी दिवसातून एक, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही. पहिल्या महिन्यात काहींना मळमळ, डोकेदुखी, पोटात गॅस, पातळ शौच असा त्रास होतो. तो बहुतेकांचा आपोआप जातो. रात्री जेवून झोपताना घेतली तर मळमळ झोपेतच निघून जाते. हाडांची घनता साधारण एक टक्क्याने कमी झालेली काही अभ्यासांत दिसली, पण गोळी बंद केल्यावर ती भरून येते. मूत्रपिंडाचे आकडे क्वचित बिघडतात आणि तेही सहसा गोळी थांबवल्यावर सुधारतात. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक रोजच्या रोज घ्यायची सवय असेल तर ती मात्र मोडा. टेनोफोव्हिरच्या जोडीला तीही मूत्रपिंडावरच भार टाकतात.

गर्भनिरोधक गोळ्या, दारू किंवा तृतीयपंथी व्यक्ती घेत असलेली संप्रेरकं यांच्याशी रोजच्या गोळीचं भांडण नाही. दारूचा धोका वेगळाच : गोळी विसरते.

विसरण्याबद्दल थोडं जास्त

इथे थांबून बोलायला हवं, कारण प्रेपचा सगळा इतिहास या एका शब्दाभोवती आहे. २०१० मध्ये आयप्रेक्स या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सहा देशांतल्या २४९९ जणांमध्ये गोळी दिलेल्या गटात संसर्ग ४४ टक्क्यांनी कमी झाला होता. लोक म्हणाले, एवढंच? पण ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, त्यांच्यात घट ९० टक्क्यांच्या वर होती. पुढे दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमधल्या पाच हजारांवर बायकांचा व्हॉइस अभ्यास झाला, आणि त्यात गोळीचा उपयोगच दिसला नाही. बायका सांगत होत्या की आम्ही गोळ्या घेतो. परत केलेल्या डब्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या तर तेही जुळत होतं. रक्त मात्र वेगळं सांगत होतं : गोळीच्या गटांत तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी नमुन्यांत औषध सापडलं.

त्या बायकांना खोटारडं ठरवून हात झटकणं सोपं आहे. पण घरात एचआयव्हीच्या औषधाचा डबा सापडला तर काय काय ऐकावं लागतं, याचा विचार करा. हीच गोळी उपचारातही वापरतात, त्यामुळे लेबल वाचणारा सरळ उलटा अर्थ काढतो. म्हणून गोळी कुठे ठेवायची, हे पहिल्याच दिवशी ठरवा. मूळ डब्यात ओल शोषणारी छोटी पुडी असते, ती फेकू नका आणि डबा घट्ट बंद ठेवा. तीन-चार गोळ्या वेगळ्या डबीत काढून बॅगेत टाका, म्हणजे रात्री घराबाहेर राहिलात तरी खंड पडत नाही. डब्याचा खुळखुळ आवाज होतो तो कापसाच्या बोळ्याने थांबतो. मोबाइलचा अलार्म लावा, पण स्क्रीनवर औषधाचं नाव दिसेल असा नको.

एखादी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशीच आठवलं तर नेहमीची एकच घ्या, भरपाई म्हणून दोन नकोत. नियमित घेणाऱ्याची एखादी चुकली म्हणून संरक्षण कोसळत नाही. गुदमैथुनाच्या बाबतीत आठवड्याला चार किंवा जास्त गोळ्या घेणाऱ्यांमध्येही चांगलं संरक्षण दिसलंय. पण हा आकडा चुकलेल्या आठवड्यात धीर येण्यासाठी आहे, वेळापत्रक म्हणून वापरायला नाही, आणि योनीमार्गे संबंधांना तर तो लावूच नका.

सांगितल्याप्रमाणे घेतलं तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही होण्याची जोखीम साधारण ९९ टक्क्यांनी कमी होते, असं सीडीसी सांगते. सुईतून होणाऱ्या संसर्गासाठी हा आकडा किमान ७४ टक्के आहे.

रोज नको असेल तर : दोन-एक-एक

संबंध क्वचित येतात, आठवड्यात दोनपेक्षा कमी वेळा, आणि ते आधी ठरलेले असतात, अशांसाठी ही पद्धत आहे. पण फक्त जन्मतः पुरुष असलेल्या आणि इस्ट्रोजेनची संप्रेरकं न घेणाऱ्या व्यक्तींसाठी. बायकांनी ही वापरायची नाही, हिपॅटायटिस बी असलेल्यांनीही नाही. यावरचा महत्त्वाचा अभ्यास, इपरगे, फ्रान्स आणि कॅनडात पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये झाला आणि त्यात संसर्ग ८६ टक्क्यांनी कमी झाला.

वेळ अशी लावायची. शनिवारी रात्री दहाला भेटायचं ठरलंय. संध्याकाळी सहाला दोन गोळ्या एकदम घ्या. त्या संबंधाच्या किमान दोन आणि जास्तीत जास्त २४ तास आधी जायला हव्यात. रविवारी संध्याकाळी सहाला एक. सोमवारी सहाला आणखी एक. झालं. रविवारी रात्री पुन्हा संबंध आला तर? शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस रोज एक गोळी, हा नियम. म्हणजे मंगळवारची एक वाढली.

गेल्या सात दिवसांत गोळी घेतलेली असेल तर नव्याने सुरू करताना दोनऐवजी एक पुरते. आधीच्या दोन गोळ्या उत्साहात सगळ्यांच्या लक्षात राहतात, सोमवारची मात्र ऑफिसच्या गडबडीत बुडते. तिचाही अलार्म शनिवारीच लावून टाका. आणि शनिवारी संबंध आलाच नाही, तर पुढच्या गोळ्या घ्यायची गरज नाही.

इंजेक्शनं आणि रिंग

रोज गोळी जमणार नाही हे स्वतःबद्दल माहीत असेल तर इंजेक्शनचा विचार करा. कॅबोटेग्राव्हिर कमरेखाली स्नायूत देतात. पहिली दोन इंजेक्शनं महिन्याच्या अंतराने, पुढे दर दोन महिन्यांनी. अमेरिकेत ते डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन किंवा फिटवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही औषधं चालू असतील तर ते चालत नाही.

लेनाकापाव्हिर हे त्याहून नवं, वर्षातून दोनदाच. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुली-बायकांवरच्या अभ्यासात ते घेतलेल्या २१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. अमेरिकेत जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याच जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली दोन टोचण्या देतात, आणि पहिल्या वेळी त्या दिवशी दोन आणि दुसऱ्या दिवशी दोन गोळ्याही असतात. या दुसऱ्या दिवशीच्या गोळ्या तुम्हाला घरी घ्यायच्या असतात, ‘इंजेक्शन झालं, सुटलो’ म्हणून विसरू नका. टोचल्या जागी हाताला लागेल अशी गाठ काही महिने राहू शकते, ती दाबत बसू नका. रिफॅम्पिसिनसारखी औषधं यालाही कमजोर करतात, तेव्हा चालू औषधांची यादी घेऊनच जा.

दोन्ही इंजेक्शनांना एक शेपूट असतं. बंद केल्यावर औषध शरीरात वर्षभर किंवा जास्तही अगदी थोड्या प्रमाणात रेंगाळतं. ते संरक्षणाला पुरत नाही, पण त्या काळात संसर्ग झाला तर विषाणूला औषधाची सवय व्हायला पुरतं. म्हणून इंजेक्शन सोडताना जोखीम चालू असेल, तर पुढच्या टोचणीची तारीख येईल तेव्हापासून रोजची गोळी सुरू करायची.

बायकांसाठी डॅपिव्हिरिनची योनीत ठेवायची रिंगही आहे, महिनाभर चालणारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती सुचवली. गोळीपेक्षा तिचं संरक्षण कमी आहे, पण ती कोणाच्या नजरेला पडत नाही, आणि काही घरांत तेवढ्यानेच सगळा फरक पडतो.

दर तीन महिन्यांनी

सुरू केल्यावर साधारण महिन्याने एकदा, मग गोळी घेत असाल तर दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी. तेव्हाच लैंगिक आजारांचीही तपासणी करून घ्या, कारण प्रेप ना सिफिलिस अडवतं ना गर्भधारणा. त्यासाठी कंडोम लागतोच. मूत्रपिंडं वर्षातून एकदा, आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल किंवा सुरुवातीचा क्लिअरन्स ९० च्या खाली असेल तर सहा महिन्यांनी.

थांबवायचं कधी

प्रेप जन्माचं व्रत नाही. जोखमीचे दिवस संपले, एकाच जोडीदाराबरोबर दोघांनी चाचण्या करून राहायचं ठरलं, तर बंद करा. मात्र शेवटच्या संबंधाच्या दिवशीच डबा कपाटात टाकू नका. जन्मतः पुरुष आणि इस्ट्रोजेन न घेणारे असाल तर त्यानंतर दोन दिवस गोळी घ्या, बाकी सगळ्यांनी सात दिवस, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. काही देशांत याहून जास्त दिवस सांगतात, तेव्हा आपल्या डॉक्टरांचा आकडा पाळा. हिपॅटायटिस बी असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायचं नाही, यकृताच्या चाचण्या लावूनच.

पुन्हा सुरू करायचं झालं तर चाचणीपासून, आणि मग सात किंवा २१ दिवसांचं मोजमाप पुन्हा एकपासून. मागच्या वेळचे दिवस जमेत धरता येत नाहीत. कपाटात अर्धा डबा उरला असेल तर तो मित्राला देऊन टाकण्याचा मोह होईल. देऊ नका. त्याची चाचणी झालेली नाही.